जुनेर आणि स्वाभिमान

३१ मे २०२४ रोजी, वयाची ५८ वर्षे पूर्ण झाल्यावर, ढोकीच्या आपल्या या निवासी विद्यालयाच्या सेवेतून मी निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात सहकाऱ्यांनी साडी-चोळी देऊन सत्कार केला. ती साडी घरी आणून कपाटात ठेवायला गेले, तर कपाटात जागा नव्हती. ३३ वर्षे शाळेत नेसलेल्या साड्या एकीवर एक रचलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या पलंगावर काढून मोजल्या. ७४ भरल्या.

लेक म्हणाली, “आई, आता एवढ्या साड्या नेसून तू जाणार कुठे? दे वाटून गोरगरिबांना. नाहीतर वसतिगृहात नेऊन दे, मुलींच्या आयांना होतील.” शेजारच्या काकूंनी बोहारणीचा सल्ला दिला, दहा साड्यांना एक मोठे पातेले सहज येईल, असा त्यांचा हिशेब होता. दोन्ही सल्ले प्रेमाचे होते आणि दोन्ही मला पटले नाहीत. का पटले नाहीत, याचा विचार करताना गेले काही महिने गेले. स्मरणिका समितीने शाळेविषयी लिहिण्यास सांगितले आहे आणि मी कपाटाविषयी लिहीत आहे, याचे कारण असे की त्या कपाटापाशी सुरू झालेला प्रश्न शेवटी आपल्या शाळेच्या दारापर्यंत येऊन पोहोचतो. वाचकांनी तोवर धीर धरावा.

प्रथम या साड्या कशासाठी जमल्या ते सांगते. १९९१ च्या जूनमध्ये मी रुजू झाले तेव्हा माझ्याजवळ बाहेर नेसण्याजोग्या दोनच साड्या होत्या. एक आईची आणि एक मावसबहिणीने दिलेली. आज एक नेसावी, रात्री ती धुवावी आणि उद्या दुसरी नेसावी, असा क्रम होता. घरात इस्त्री नव्हती. पितळी तांब्यात चुलीतले निखारे घालून त्याच्या बुडाने आई पदर सारखा करून देई. पहिल्या पगारातून बार्शीच्या बाजारात जाऊन दोन सुती साड्या घेतल्या. पुढे सण अग्रिम मिळाला की एखादी, कुणाच्या लग्नकार्यात एखादी, अशी भर पडत गेली. वडील रोजंदारीवर जाणारे. ते एवढेच सांगत, “फळ्यासमोर उभी राहशील तेव्हा पोरांनी तुझ्याकडे बघून मान खाली घालता कामा नये.” आपल्या वस्तीतली मुले माझ्याकडे बघत असतात आणि दुसऱ्या आळीतली मुलेही बघत असतात, हे त्यांना ठाऊक होते. त्यामुळे खळ दिलेली, चुण्या नीट बसलेली, स्वच्छ साडी ही माझ्या पाठटाचणाइतकीच रोजच्या तयारीचा भाग झाली. १५ मार्च २०२४ रोजी शासनाने शिक्षकांच्या पोशाखाविषयी निर्णय काढला, तेव्हा माझ्या निवृत्तीला अडीच महिने उरले होते. तरुण सहकारी त्यावर तावातावाने बोलत होते. मी मनात म्हटले, हा नियम आमच्या घरात वडिलांनी ३३ वर्षांपूर्वीच लावला होता.

पण वडिलांच्या त्या वाक्यामागे आजीचे आयुष्य होते. आजी सांगे की जन्मात तिला कोरे लुगडे दोनदा मिळाले. एरवी अंगावर आले ते जुनेर. कुणाच्या घरी बाळंतपण, कुणाच्या घरी मर्तिक, कुणाच्या घरी सण. काम आपले आणि मोबदल्यात फाटके लुगडे, तेही वरून सोडलेले. मयताच्या अंगावरचे कापड गावच्या महाराने घ्यायचे, हा तर ‘हक्क’ म्हणून मोजला जाई. ते कापड ओढ्यात धुऊन वापरात येई. हक्क या शब्दाचा एवढा क्रूर उपयोग जगाच्या इतिहासात फार ठिकाणी झाला नसेल.

इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला नंतर कळले की ही केवळ गरिबी नव्हती, हा कायदा होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांवरची वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे आणि लोखंडाचे दागिने घालावेत, असे स्पष्ट विधान आहे. कुणी काय नेसावे हे ज्याच्या त्याच्या ऐपतीवर सोडलेले नव्हते. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या भाषणात इंदूर भागातील बलाई समाजाचे उदाहरण दिले आहे. १९२८ च्या सुमारास तेथील सवर्ण गावकऱ्यांनी बलाईंना बजावले होते की त्यांनी जरीकाठी पागोटी बांधू नयेत, रंगीत वा नक्षीच्या काठांची धोतरे नेसू नयेत आणि त्यांच्या स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. ज्याच्या गाठीला पैसा होता त्यालाही काठाचे धोतर नेसण्यास बंदी होती. गरिबी हटली तरी जुनेर हटू नये, अशी ती व्यवस्था होती.

आणि हे सर्व कोणत्या भूमीत घडत होते? ढोकीपासून जवळच तेर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगर नगराचा उल्लेख येतो. तेथून भडोचच्या बंदराकडे साधे जाडेभरडे कापड मोठ्या प्रमाणात आणि मलमलीचे नाना प्रकार जात, असे त्यात नोंदवले आहे. ते तगर म्हणजे आपले तेर. त्याच तेरच्या उत्खननात बौद्ध स्तूपाचे अवशेषही सापडले आहेत. मी दरवर्षी सहलीला मुलांना तेथे नेत असे आणि सांगत असे की समुद्रापलीकडच्या लोकांना कापड पुरवणारी ही माती आहे. तेव्हा प्रत्येक वेळी आजीचे लुगडे डोळ्यांसमोर येई. जेथून जगाला मलमल गेली, तेथेच काही माणसांच्या वाट्याला केवळ उतरलेले कापड यावे, याला दुष्काळ कारण नव्हता.

ही साखळी तोडण्याचे काम बाबासाहेबांनी केले आणि त्यात वस्त्राला त्यांनी गौण मानले नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या काळात त्यांनी स्त्रियांना उद्देशून भाषण केले. अस्पृश्यतेची ओळख पटवणारी नेसण सोडा, जड दागिने सोडा, वस्त्राला ठिगळे असली तरी चालतील पण ते स्वच्छ असू द्या, हा त्याचा आशय. त्या भाषणानंतर लगोलग तेथल्या स्त्रियांनी नेसण बदलली. पुरुषांच्या चळवळीत मोर्चे आणि ठराव असतात. आमच्या आज्यांच्या चळवळीत निऱ्यांची लांबी हासुद्धा एक ठरावच होता.

आपल्या परिसरापुरते सांगायचे तर २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी शेजारच्या कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि बाबासाहेब स्वतः तेथे आले. आजोबा पायी चालत गेले होते. भाषणातले काय समजले असे विचारल्यावर ते हसून म्हणत, “भाषण पुढं समजलं. तवा कोट बघितला.” कोट घातलेला आपला माणूस! मला वाटते, त्या एका कोटाने या भागात जे काम केले ते अनेक पुस्तकांना जमले नसते. गांधीजींनी १९२१ मध्ये मदुराईला पंचा स्वीकारला आणि बाबासाहेब सुटाबुटात राहिले, यावर आजही वाद झडतात. माझे मत सरळ आहे. ज्याच्याकडे नेसायला आहे त्याने सोडणे हा त्याग ठरतो. ज्याच्या अंगावरून शतकानुशतके ओरबाडून घेतले आहे त्याने नीटनेटके नेसणे हा न्याय ठरतो. दोघांचे पोशाख वेगळे होते, कारण दोघांच्या मागे उभी असलेली माणसे वेगळी होती.

म्हणूनच “निवृत्तीनंतर माणसाने थोडक्यात राहावे” हा उपदेश जेव्हा मी ऐकते, तेव्हा मन लगेच होकार देत नाही. ज्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या भरलेली कपाटे होती, त्यांना कपाट रिकामे करण्याचे समाधान मिळू शकते. आमच्या घराण्यातले हे पहिलेच भरलेले कपाट. ते रिकामे करताना हात अडखळला, यात मला लाज वाटत नाही.

तरीही ते रिकामे केले पाहिजे, या निष्कर्षावर मी आले. कारण या साड्या मिरवण्यासाठी घेतल्या नव्हत्या, कामासाठी घेतल्या होत्या आणि काम पुरे झाले. वर्गातल्या मुलींनी माझ्याकडे बघून मान खाली घातली नाही. त्यांतल्या काही आज स्वतः शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत, एक तहसील कार्यालयात आहे. आता पेटीत डांबराच्या गोळ्या घालून या साड्या राखणे म्हणजे विजयाचे सोडून ढालीचेच पूजन करणे होईल. प्रश्न उरला तो एवढाच की द्यायच्या कुणाला आणि कशा.

येथे मला विनयपिटकाने मदत केली. चुल्लवग्गातील प्रसंग आहे. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर भदंत आनंद कोसंबीला गेले असता उदेन राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी धम्मोपदेश ऐकून त्यांना ५०० उत्तरासंग दान दिले. राजाला राग आला. हा श्रमण कापडाचे दुकान मांडणार की काय, असे त्याला वाटले. त्याने आनंदांना येऊन विचारले, एवढ्या वस्त्रांचे काय करणार? आनंद म्हणाले, ज्या भिक्खूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांच्यात वाटून घेऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे? गादीचे अभ्रे करू. जुन्या अभ्र्यांचे? जमिनीवर अंथरू. त्या जुन्या अंथरणांची पायपुसणी करू, जुन्या पायपुसण्यांची धूळ झटकण्याची फडकी करू आणि ती फडकीही झिजली की त्यांचे तुकडे चिखलात कालवून जमीन सारवू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी ५०० वस्त्रे दिली.

हा प्रसंग काटकसरीचा धडा म्हणून सांगितला जातो. काटकसर त्यात आहेच. पण आजीच्या नातीला त्यात आणखी काही दिसते. आनंदांच्या उत्तरात चांगली वस्त्रे कुणाकडे जातात? संघातील बरोबरीच्या भावंडांकडे, ज्याला गरज आहे त्याच्याकडे. आणि झिजलेली वस्त्रे कुठे जातात? कुणा खालच्याकडे जात नाहीत. ती त्याच विहारात राहतात. पलंगावर, जमिनीवर, शेवटी भिंतीच्या पायाशी. जीर्ण झालेले वस्त्र दुसऱ्या माणसाच्या अंगावर घालण्याचा विचारही त्या साखळीत कुठे नाही. आपल्या समाजाने नेमके उलटे केले. चांगले ते घरात ठेवले, झिजलेले ते खाली सोडले आणि वर त्याला दान म्हटले.

कुणी म्हणेल, भिक्खू तर स्मशानातल्या चिंध्यांची पांसुकूल चीवरे वापरत, मग आपल्याला एवढा संकोच का? कारण तेथे निवड होती. राजवैद्य जीवकाने भगवंतांना उत्तम वस्त्र अर्पण केले तेव्हा भगवंतांनी गृहस्थांनी दिलेली चीवरे स्वीकारण्यास अनुमती दिली आणि ज्याला पांसुकूल वापरायचे आहे त्याने ते वापरावे, अशी मोकळीकही ठेवली. मनूने तीच स्मशानातली चिंधी माणसावर लादली. चिंधी एकच, एकीकडे ती वैराग्याची खूण झाली आणि दुसरीकडे गुलामीची.

हे सगळे आज मी मोठ्या ठामपणे लिहीत आहे. पण हा धडा मला ग्रंथाआधी एका मुलीने शिकवला होता आणि त्यात चूक माझी होती. नोकरीच्या पाचव्या-सहाव्या वर्षी, ऐन थंडीत, गावातल्या काही सद्भावी कुटुंबांनी वसतिगृहासाठी जुन्या कपड्यांची दोन पोती पाठवली. मी उत्साहाने मुलींना रांगेत उभे केले आणि एकेकीच्या अंगाला लावून झगे, सदरे, स्वेटर वाटले. सातवीतल्या एका मुलीला मी निळा फुलाफुलांचा झगा दिला. तिने तो हातात घेतला, पाहिला, नीट घडी घातली आणि पोत्यावर परत ठेवला. नको का, असे विचारल्यावर हळूच म्हणाली, “बाई, हा आपल्याच वर्गातल्या मुलीचा आहे. ती रोज माझ्या शेजारी बसते.”

बाहेरगावच्या या मुली आणि गावातून रोज येणाऱ्या मुली एकाच बाकावर बसत होत्या. ते बाक एकत्र आणायला किती वर्षे लागली, हे मी वर्गात तारखांसह शिकवीत होते. आणि माझ्याच हाताने मी एकीला दुसरीचे जुनेर नेसवायला निघाले होते. त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी मुलींना काही समजावून सांगण्याचे धैर्य झाले नाही. पोती मात्र उचलून ठेवली. त्या मुलीची माफी मी मागायला हवी होती. मागितली नाही. ती आज कुठे असेल ते ठाऊक नाही. ही स्मरणिका तिच्या हाती पडली, तर हा परिच्छेद तिच्यासाठी आहे.

आता माझ्या ७४ साड्यांचा हिशेब. १५ ठेवल्या. त्यांत तीन पांढऱ्या आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखो लोक पांढऱ्या वस्त्रांत दीक्षेला उभे राहिले, ते आपले वस्त्र आहे. ते कमी करण्याचा प्रश्न येत नाही. बार्शीच्या पहिल्या दोन सुती साड्यांपैकी एक अजून शिल्लक आहे, ती ठेवली. २२ साड्या चांगल्या, फारशा न वापरलेल्या होत्या. नव्याने लागलेल्या शिक्षिका, दोन भाच्या आणि आपल्या विहारात येणाऱ्या मैत्रिणी यांना घरी चहाला बोलावले, साड्या मांडून ठेवल्या आणि म्हटले, “आवडेल ती घ्या, नाही आवडली तर ठेवून जा.” एकीने सगळ्या पाहून एकही घेतली नाही, रंग पसंत पडले नाहीत. मला मनापासून आनंद झाला. ज्याला नाही म्हणता येते, त्यालाच देण्यात अर्थ आहे. उरलेल्या ३७ साड्या विटलेल्या, विरलेल्या होत्या. त्यांतल्या मऊ सुती २४ साड्यांच्या चार वाकळी शिवून घेतल्या. टाका घालणाऱ्या मावशींना ठरवून, बाजारात मिळते ती शिलाई दिली. ‘एक साडी घ्या आणि शिवून द्या’ असा व्यवहार केला नाही. दोन वाकळी आमच्याच पलंगांवर आहेत, दोन पाहुण्यांसाठी. राहिलेल्या १३ साड्यांची फडकी आणि पायपुसणी झाली. आनंदांची साखळी चिखलापर्यंत जाते. आमच्या घरात फरशी असल्याने माझी फडक्यापाशी थांबली.

जुने कपडे दुसऱ्याने वापरूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. थोरल्या बहिणीचा झगा धाकटीने घातला तर त्यात अपमान नसतो, कारण ताट एकच असते. दिल्लीत १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘गूंज’ या संस्थेने वापरलेल्या कपड्यांचे मोठे काम उभे केले आहे. तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या पद्धतीत गावकरी आपल्या गावासाठी विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून निवडून, स्वच्छ करून ठेवलेले कपडे घेतात. तेथे कुणी हात पसरत नाही. म्हणजे वस्त्र जुने आहे की नवे, यापेक्षा घेणारा कोणत्या नात्याने घेतो हे महत्त्वाचे आहे. पण जेथे घेणारा अकरा-बारा वर्षांचा आहे, घरापासून दूर आहे, आपल्या छपराखाली आहे आणि नाही म्हणू शकत नाही, तेथे मी तरी जुने कापड येऊ देणार नाही.

म्हणून माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यापुढे माझा विचार ठेवते. आपल्यापैकी अनेक जण आता बरे कमावते झाले आहेत. दिवाळीत किंवा १४ एप्रिलच्या आसपास कपाटे आवरताना शाळेची आठवण येते, ही आपुलकी मी जाणते. पण कपाट आवरणे हे आपले काम आहे, वसतिगृहाचे नव्हे. ज्याला शाळेला वस्त्र द्यायचे आहे त्याने वर्षाला एकाच मुलाचा एकच जोड द्यावा, पण तो कोरा द्यावा. शिंप्याला शाळेत बोलावून मापाने शिवून घ्यावा आणि रंग त्या मुलाला निवडू द्यावा. दहा जुन्या झग्यांपेक्षा तो एक सदरा अधिक शिकवील. घरातले विटलेले कपडे घरातच झिजू द्यावेत. आणि जे चांगले आहे पण लागत नाही, ते आपल्या बरोबरीच्या माणसाला, त्याला निवडू देऊन द्यावे.

निवृत्त होताना शाळेने मला काय हवे असे विचारले होते, तेव्हा काही सुचले नाही. आता सुचले आहे. कार्यालयाबाहेरच्या फलकावर, जेथे प्रवेशाची सूचना लागते तेथे, एक ओळ कायमची लिहावी: ‘येथे जुने कपडे स्वीकारले जात नाहीत.’ फलक रंगवण्याचा खर्च मी देईन.

जय भीम.